दहा फुटांवरून पडलेला मुलगा आणि उचलीची वही

वाचकाचा पेच: पुण्यातले एक वाचक काचसफाईची छोटी कंत्राटं घेतात. शोरूम, बँकांच्या शाखा, दवाखाने, दोन-तीन बंगले. हाताखाली सात मुलं. दोन महिन्यांपूर्वी त्यातला २३ वर्षांचा एक मुलगा शोरूमची दर्शनी काच पुसताना शिडीवरून पडला. उंची साधारण दहा फूट. टाचेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अजून पाय टेकवता येत नाही. वाचकांनी दवाखान्याचे ३८ हजार भरले आणि ते त्याच्या नावावर उचलीत लिहून ठेवले. आता मुलाचा मोठा भाऊ दोन लाख मागतो आहे. धंद्यातले मित्र सांगतात, पंचवीस हजार हातावर ठेव, स्टॅम्पपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घे आणि मिटव. वाचक विचारतात, “मी त्याला शंभरदा सांगितलं होतं, जपून कर. बेल्टसुद्धा आणून दिलेत, पण पोरं घालत नाहीत, वर हसतात. चूक त्याची असताना मी किती भरायचं? आणि बाकीच्या सहा जणांच्या डोक्यात हे शिरवायचं कसं?”

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांआधी एक तातडीची गोष्ट. पडल्यावर त्याला दोघांच्या मध्ये बसवून दुचाकीवरून दवाखान्यात नेलं, असं तुम्ही लिहिलं आहे. माणूस उंचावरून टाचांवर आदळतो तेव्हा तोच हादरा वर कमरेच्या मणक्यापर्यंत जातो. म्हणून टाच मोडलेल्या अशा रुग्णाचा मणकाही हाडांचे डॉक्टर तपासतात. त्याचा तपासला गेला आहे का? फाइल काढून बघा. त्यात काही दिसत नसेल तर भावाला सांगा, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट विचार. कंबर दुखते, पायाला मुंग्या येतात असं तो म्हणत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि सगळ्या मुलांना सांगून ठेवा की पडलेल्या माणसाला उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, मान हलू द्यायची नाही, १०८ ला फोन लावायचा. डोक्याला मार असेल आणि नंतर उलटी झाली किंवा झापड येऊ लागली, तर ‘झोपू दे जरा’ म्हणायचं नाही.

आता ‘शंभरदा सांगितलं होतं’ याविषयी. तुम्ही सांगितलंत यात मला शंका नाही. पण काय सांगितलंत? जपून कर. रोज शिडीवर चढणारा मुलगा जपतच असतो, हाडं त्याची स्वतःची आहेत. त्याला हवं होतं ते वेगळंच, आणि ते काय, ते तुमच्याच पत्रात विखुरलेलं आहे. तुमची चार वाक्यं मी एकापुढे एक ठेवते. “शोरूमसमोर गुळगुळीत ग्रॅनाइट आहे.” “जोडीच्या मुलाला मी शेजारच्या बँकेत पाठवलं होतं.” “दिवसात चार साइट उरकल्या की दोनशे रुपये जादा देतो.” “शेवटचं एकच तावदान राहिलं होतं, उतरायचा कंटाळा केला आणि हात लांबवला.”

तो कंटाळा नव्हता. शिडी सरकवायची म्हणजे उतरायचं, बादली काढायची, शिडी हलवायची, पुन्हा बसवायची, चढायचं. एका जागेला तीन-चार मिनिटं जातात. दर्शनी काच मोठी असेल तर अशा आठ-दहा जागा होतात आणि अर्धा तास नुसता चढ-उतारात जातो. तो अर्धा तास गेला की चौथी साइट राहते आणि दोनशे रुपयेही जातात. त्याने त्या क्षणी जो हिशेब केला तो तुम्ही घालून दिलेलाच होता. साबणाचं पाणी ग्रॅनाइटवर ओघळलेलं, खाली शिडीला कुणी नाही, आणि वर हा एका बाजूला झुकलेला. त्याच्या जागी तुमचा सगळ्यात शहाणा माणूस असता तरी एक ना एक दिवस पडलाच असता.

“दहाच फूट होतं” असंही तुम्ही म्हणता. दहा फुटांवरून खाली यायला एक सेकंदही लागत नाही आणि जमिनीला टेकताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेळात माणूस स्वतःला सावरू शकत नाही. विसाव्या मजल्यावर दोरावर लटकणाऱ्या माणसाची सगळ्यांना भीती वाटते, म्हणून तिथे दोर, दुसरा दोर, हेल्मेट, सुपरवायझर, सगळं असतं. दहा फुटांना कुणी भीत नाही, म्हणून तिथे काहीच नसतं.

बेल्टचं मात्र तुम्हाला पटणार नाही असं काही सांगायचं आहे. पोरं हसतात, त्यात अर्धं खरं आहे. कमरेला बांधायचा पट्टा मुळातच बाद. त्यावर माणूस अडकला तर तो सगळा झटका कंबरेला आणि पोटाला सोसावा लागतो. खांदे, छाती, मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. तो आणला तरी त्याचा हूक कुठे अडकवणार? शिडीलाच अडकवला तर शिडीसकट खाली याल. आणि वर पक्की जागा सापडली तरी मोजून बघा. हार्नेसची दोरी साधारण सहा फुटांची, तिच्यातला झटका शोषणारा भाग उलगडतो ती लांबी वेगळी, शिवाय माणसाची स्वतःची उंची. हूक पायांच्या पातळीला असेल तर सगळं धरून पंधरा-अठरा फूट मोकळी जागा खाली हवी. दहा फुटांवरचा माणूस दोरी ताणली जायच्या आत जमिनीवर पोचलेला असतो. हार्नेस उंच कामाला लागतोच, त्याला पर्याय नाही. पण शोरूमच्या काचेसाठी तो आणून देणं म्हणजे मालकाच्या मनाचं समाधान. पोरांना हे शब्दांत सांगता येत नसेल, पण कळलेलं असतं.

मग काय करायचं? आधी हे ठरवायचं की शिडी लावायचीच का. तुमची बहुतेक कामं तळमजला आणि पहिला मजला यांची आहेत. तिथे जमिनीवर उभं राहून लांब काठीने काच धुता येते. बारा ते अठरा फुटांपर्यंत वाढणाऱ्या काठ्या मिळतात, टोकाला आधी धुण्याचं कापड लावायचं, मग वायपर. हात बसायला आठ-पंधरा दिवस जातात आणि सुरुवातीला कोपऱ्यात रेघा राहतात, त्यावर पोरं कुरकुरतील. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले, त्यांची पहिली अटच अशी की उंचीवर न चढता काम होत असेल तर चढायचं नाही. तिथले काचवाले आता मोठ्या प्रमाणावर काठीच्या टोकाच्या ब्रशमधून शुद्ध पाणी सोडून काच धुतात. पाण्यात क्षार नसले की काच पुसावीच लागत नाही, वाळली तरी डाग उरत नाही. आपल्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी तसंच वापरलं तर पांढरे ठिपके हमखास राहतात. घरातल्या आरओचं पाणीही बहुधा पुरेसं शुद्ध नसतं, पुढे क्षार काढणारं रेझिनचं फिल्टर जोडावं लागतं आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ आणावा लागतो. हा खर्च तुम्हाला आज परवडेल असं मी म्हणत नाही. साध्या काठ्या मात्र परवडतील. एवढं लक्षात ठेवा की वीजवाहिन्यांच्या आसपास कोणतीही लांब काठी चालत नाही, ओली तर नाहीच.

काही ठिकाणी शिडी लागेलच. तिथे ‘जपून’ऐवजी असं सांगा.

चार फूट उंचीला एक फूट बाहेर. म्हणजे शिडी बारा फुटांवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून तीन फुटांवर. मोजपट्टीची गरज नाही. शिडीच्या पायांना बोटं लावून ताठ उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचे, तळवे पायरीला टेकले की कोन बरोबर. काचेवर शिडी कधीच टेकवायची नाही, पन्हाळीवर आणि दुकानाच्या बोर्डावरही नाही. खांबावर किंवा भिंतीवर टेकवा, नाहीतर शिडीच्या डोक्याला लावायचा आडवा टेकू मिळतो तो घ्या. वरच्या तीन पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही. घडीची शिडी असेल तर वरच्या दोन सोडायच्या, ती पूर्ण उघडून कुलूपपट्टी बसवायची आणि तिचं तोंड भिंतीकडे ठेवायचं. आडवी लावून बाजूला ओढत वायपर मारला की ती कलते. बादली हातात नाही, आकड्याला. शिडीच्या पायांचे रबरी बूट दर सोमवारी बघायचे, झिजले की त्याच दिवशी बदलायचे. तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी न्यायची नाही, फायबरची न्यायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या आत राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की उतरायचं आणि शिडी सरकवायची. हा नियम पोरांच्या लगेच लक्षात राहतो, कारण त्यावर हसता येतं. हसू द्या.

जोडीचा माणूस परत जोडीला द्या, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. झुकलेल्या माणसासकट कलंडणारी शिडी खालचा एकटा थोपवू शकत नाही. तो शिडीचे पाय घसरू नयेत म्हणून असतो, खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवायला असतो आणि “बेंबी बाहेर गेली रे” असं ओरडायला असतो. जमेल तिथे शिडी वरच्या बाजूने बांधा, ते जास्त खात्रीचं. ओल्या ग्रॅनाइटवर शिडी उभी करायची नाही. आधी फरशी कोरडी करायची, मग शिडी.

हे सगळं केलंत आणि चार साइटचे दोनशे तसेच ठेवलेत, तर काही उपयोग नाही. ते दोनशे रोजात मिळवून टाका. तुमच्या पत्रातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा बदल माझ्या मते हाच आहे.

डोक्यात शिरवायचं कसं, असं तुम्ही विचारता. भाषण नको. सहाही जणांना एकदा चहाला बसवा आणि विचारा, कुठल्या साइटवर तुमची फाटते? ते चार जागांची नावं घेतील आणि त्यातल्या दोन तुम्हाला माहीत नसतील. तिथे काम कसं करायचं ते त्यांनाच सुचवू द्या. मग एक गोष्ट तोंडी नाही तर कागदावर द्या: जागा धोक्याची वाटली म्हणून कुणी चढायला नकार दिला तर त्याचा रोज कापला जाणार नाही. पहिल्यांदा कुणी खरंच नकार देईल, तेव्हा तुम्ही कसे वागता हे बाकीचे पाच बघत असतील.

आता पैसे. इथे मी तुमच्या मित्रांशी सरळ असहमत आहे.

कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं आहे. कामगार गाफील होता का, हा प्रश्न त्यात येत नाही. अपवाद आहेत, पण अरुंद: तो नशेत असेल, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं असेल. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवादही लागू होत नाहीत. ‘जपून कर’ हा हुकूम ठरत नाही. ज्या बेल्टचा हूक अडकवायला जागाच नव्हती, तो न घालणं हाही गुन्हा ठरवता येणार नाही.

स्टॅम्पपेपर विसरा. भरपाईचा हक्क सोडला असं कामगाराकडून लिहून घेतलं तर कायद्यापुढे ते रद्दबातल आहे. तडजोड करता येते, पण ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. पंचवीस हजार जातील आणि देणं शिल्लकच राहील. उशीर झाला तर व्याज आणि दंड वेगळा.

आकडा किती? तो बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के द्यायचे. तुम्ही त्याचा पगार १४ हजार लिहिला आहे, म्हणजे पंधरवड्याला साडेतीन हजार, महिन्याला सात. कामामुळे झालेल्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाचाच. म्हणून ते ३८ हजार उचलीच्या वहीतून आजच्या आज खोडा. ती उचल नाहीच. उद्या भावाने ती वही कुणाला दाखवली तर तुमच्या बाजूने उभं राहायला काही उरणार नाही.

टाच पूर्ण बरी झाली नाही, उभं राहायची किंवा चढायची ताकद कमी झाली, तर कमाईची क्षमता किती टक्के गेली ते डॉक्टर ठरवतात. पगाराचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक (२३ व्या वर्षी तो २२० च्या आसपास आहे), आणि त्याचे तेवढे टक्के. समजा डॉक्टरांनी १० टक्के म्हटलं, तर रक्कम सुमारे १ लाख ८५ हजार होते. भाऊ दोन लाख मागतो म्हणजे लुबाडायला आलेला नाही, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. पण टक्के आज सांगता येत नाहीत. अशा टाचेवर वजन टाकायलाच बऱ्याचदा तीन महिने जातात, खरं चित्र त्यानंतर कळतं. म्हणून आत्ता पंधरवड्याचे पैसे सुरू करा, थकलेले चुकते करा, बँकेतून द्या आणि पावती ठेवा. मोठ्या रकमेचं बोलणं डॉक्टरांच्या दाखल्यानंतर, कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलासमोर करा. भावाला हाच क्रम समजावून सांगा. गप्प राहिलात तर तो वकील करेल, आणि त्याने तो करावाच.

पुढच्यासाठी विमा. तुमच्याकडे सात माणसं आहेत, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी राज्य विमा, साधारणपणे दहा माणसांपासून लागतो. दहाचा आकडा होताच नोंदणी करा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के, आणि कामावरच्या इजेत रजेच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. तोवर सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी असते, ती सातही जणांच्या नावाने घ्या आणि कामाच्या वर्णनात ‘उंचीवरची काचसफाई’ स्पष्ट लिहायला लावा. नुसतं ‘हाउसकीपिंग’ लिहिलंत तर दाव्याच्या वेळी भांडण ठरलेलं. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही प्रत्येकाच्या खात्यावर असू द्या. ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, मोडलेल्या टाचेच्या बिलाला ती उपयोगी नाही आणि तुमची जबाबदारीही त्याने संपत नाही.

त्या मुलाकडे तुम्ही ऑपरेशननंतर एकदाही गेला नाहीत, हे पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. जा. वही घेऊन, खोडलेलं पान दाखवायला. ‘तू हात का लांबवलास’ हे विचारायचं नाही, ते तो रोज रात्री स्वतःला विचारत असणार. शिडीची भीती बसली आहे असं तो म्हणाला तर धीराचे डोस देऊ नका. पुन्हा चढायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. काठीवरचं काम, साइटची पाहणी, सामानाचा हिशेब, यातलं काही त्याला हवं आहे का ते विचारा. नको म्हणाला तरी भरपाई तेवढीच द्यायची.

हे पत्र वाचणाऱ्या घरच्या मंडळींसाठी दोन ओळी. दिवाळीच्या आधी घरोघरी हेच चालतं. खुर्चीवर स्टूल, स्टुलावर मावशी, किंवा सोसायटीच्या वॉचमनला शंभर रुपये देऊन छज्ज्यावर उभं करायचं. सरकती काच बहुतेक वेळा उचलून आत काढता येते, ती आत धुवा. जी काढता येत नाही ती बाहेरून कुणाला तरी चढवून चकचकीत करण्याइतकी महत्त्वाची नसते. सोसायटीच्या कमिट्यांनी कंत्राट देताना दर विचारावा तसा विमाही विचारावा, आणि शिडी बघावी.

शेवटी तुमची खरी अडचण, जी तुम्ही ताजा कलमात लिहिली आहे: दर वाढवला तर शोरूमवाला दुसऱ्याकडे जाईल. एखादा जाईलही. बाकीच्यांना नवा दर सांगताना तो फोडून सांगा: दोन माणसं, काठी, विमा, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत काम, म्हणजे दारात साबणाचं पाणी नाही आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर शिडी नाही. दोन महिन्यांपूर्वी ज्यांच्या दारात तुमचा मुलगा पडला, त्या शोरूमपासून सुरुवात करा. तिथला मॅनेजर तुमचं म्हणणं इतरांपेक्षा लवकर ऐकून घेईल.